कुंडाची पायरी

संध्याकाळी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलो की वाफेतून मला कोकणातलं एक ऊन पाण्याचं कुंड दिसू लागतं.

जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करायची म्हणून आमची कंपनी तिथे खोल बोअर मारणार होती. त्या पाण्याशी कुणाकुणाचा संबंध आहे, याची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. मी सातबारे काढले. जमीनमालक, सरपंच, देवस्थानचे विश्वस्त, सगळे नीट लिहिले.

कुंडाच्या पायरीवर एक आजी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. "आजी, तुमची जमीन आहे का इथे?" मी विचारलं.

"जमीन कसली रे बाबा. रोज इथलं शेवाळ घासते नि गुडघे शेकत बसते. तुझं मशीन आल्यावर पाणी असंच ऊन राहील ना?"

त्यांचं नाव विचारून मी ते यादीत सगळ्यात वर लिहिलं. आजी जरा बाजूला सरकल्या. "बूट काढ, बस घटकाभर."

"घाई आहे, आजी," म्हणून मी निघालो.

प्रकल्प पुढे बारगळला. आता माझेही गुडघे दुखतात, आणि त्यांनी सरकून करून दिलेली ती वीतभर जागा आठवत राहते.