शेरू कोणाकडे राहणार?

मंडळी, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या सनाबिसच्या बिल्डिंगमधल्या नाझनीन आणि इरफानचा तलाक झाला. सामान वाटून झालं, राहिला त्यांचा बोका शेरू. इथे परदेशात दोघांच्या घरचं मोठं माणूस कोणी नाही, म्हणून आज दुपारी निवाड्याला माझ्याकडे आले.

बराच वेळ 'माझा, माझा' चाललं. मग इरफान अगदी शांतपणे म्हणाला, "आपा, खलास. मलाही नको, तिलाही नको. सित्राला आमच्या कंपनीच्या गेटपाशी सोडून येतो. तिथे पुष्कळ मांजरं आहेत."

मला वाटलं, नाझनीन आता त्याच्या अंगावर धावून जाणार. ती म्हणाली, "चालेल."

या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि शेरू तेव्हा इरफानच्याच मांडीवर झोपला होता.

मी त्याला उचलून आतल्या खोलीत ठेवलं आणि दोघांना घरी जायला सांगितलं.

आत्ता दोघांचे वेगवेगळे मेसेज आलेत, मजकूर मात्र एकच. "आपा, शेरूने खाल्लं का? एक फोटो पाठवा. पण तिकडे कळू देऊ नका."

तुम्ही पाठवला असता? मी अजून नाही पाठवलेला.