सात नाड्यांचं चिलखत

तुमच्या आजोबांना ओरखडा येऊ नये म्हणून मी त्यांना एकदा जवळजवळ गुदमरवून मारलं होतं.

तुमच्या बाबांनी तुम्हाला ही हकीकत अर्धीच सांगितलेली दिसते. परवा फोनवर अनयाने विचारलं, "आजी, आजोबा गादी घालून फिरायचे हे खरं का गं?" गादी नव्हती ती. अंगरखा होता. संपूर्ण हकीकत लिहून पाठवते आहे, कारण अर्धवट उत्तराला मी शाळेतही कधी गुण दिले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. घरात पहिला मोबाइल नुकताच आला होता आणि आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवत असू. त्याच सुमारास आजोबांच्या हृदयातली एक झडप बदलावी लागली. ऑपरेशन उत्तम झालं. पण त्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभरासाठी लागल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना पडू देऊ नका, कुठे कापू देऊ नका. बाकी माणूस ठणठणीत आहे."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. पहिली दोन वहीत लिहून घेतली आणि त्यांखाली लाल रेघ मारली.

खरोखरच, आजोबांचं शरीर आता पिकलेल्या केळ्यासारखं झालं होतं. पलंगाचा कोपरा नुसता घासला तरी मांडीवर जांभळाएवढा डाग, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आंबा! शेजारच्या बायका त्यांच्या हाताकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि गप्प होत. (एकीने तर मला हळूच विचारलं, "टीचर, आवाज कधी आला नाही हो तुमच्या घरातून?" तेहतीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं, पण इतकी अपमानित मी कधी झाले नव्हते.)

मी कामाला लागले. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना फोम लावला. विळी माळ्यावर गेली. दाढीचा वस्तरा मी स्वतः कुलपात ठेवला. काटा टोचायला नको म्हणून घरात मासळी म्हणजे फक्त बोंबील! आगरी घरात जन्मलेला माणूस एकवीस दिवस बोंबील खाऊन शेवटी म्हणाला, "बाईसाहेब, निदान खाडीकडे तोंड करून तरी बसवा."

एवढं करूनही माझं समाधान होत नव्हतं. ते आंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी. ते झोपले की मी त्यांचा श्वास मोजत बसलेली. आणि त्यातच माघ महिना आला.

आता इथे हौसाआत्याबद्दल सांगायला हवं. ही आजोबांची धाकटी बहीण, वळ गावात दिलेली. या दोघांचा लहानपणापासूनचा नेम होता. माघात एक दिवस अकलोलीच्या गरम कुंडांवर जायचं आणि पहिला तांब्या बहिणीने भावाच्या डोक्यावर ओतायचा. त्यांची आई त्यांना बैलगाडीतून न्यायची तेव्हापासूनचा. लग्न, बाळंतपणं, संप, काहीही असो, तो नेम चुकला नव्हता. डॉक्टरांनीही परवानगी दिली होती, "थोडा वेळ, सोसेल एवढ्याच पाण्यात." पण कुंडाच्या पायऱ्या दगडी, शेवाळलेल्या! मी स्पष्ट नाही म्हटलं.

आजोबा भांडले नाहीत. नुसते म्हणाले, "बरं." आणि चार दिवस त्यांनी पेपरही उघडला नाही. हे मात्र मला सोसेना.

नेमका त्याच आठवड्यात तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, इकडे अशा लोकांसाठी पॅड लावलेले कपडे मिळतात. कोपर, कंबर, गुडघे, सगळीकडे. पाठवू का?"

"भिवंडीत राहून कपडा परदेशातून मागवायचा?" मी म्हटलं. "गावात हसतील लोक!"

तो माझा अहंकार होता, मुलांनो. नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आपल्या घरच्या आठ यंत्रमागांवर तेव्हा पांढरं सुती कापड निघत होतं. त्यातलं पंधरा मीटर मी उतरवून घेतलं. छान कडक होतं, पुठ्ठ्यासारखं! मी आजोबांची मापं घेतली, आलेख कागदावर नकाशा काढला, आणि नारपोलीत गाद्या-रजया शिवणाऱ्या सलीमभाईंकडे गेले. त्यांनी कागद सरळ धरला, आडवा धरला.

"टीचरजी, ये सदरा है के गद्दा?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आत कापूस भरायचा. कोपराला दोन बोटं, कमरेला चार."

"और बटन?"

"बटण नको, हूक नको, चेनही नको. टोचतात. पाठीमागे नाड्या लावा. सात."

"सात!" सलीमभाईंनी कानाला हात लावला. "साहब भागनेवाले हैं क्या?"

तीन आठवडे मी रोज त्यांच्या दुकानात जाऊन उभी राहात होते. अंगरखा तयार झाला तो गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. तो घालून आजोबा दारातून आडवेच बाहेर पडू शकत. खाली ठेवला तर तो स्वतःच्या पायावर उभा राहात असे! आजोबांनी आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे घातलं तर अकलोलीला जाऊ देशील?"

"जाऊ देईन," मी म्हटलं. "पण कुंडातसुद्धा काढायचा नाही."

ठरलेल्या दिवशी हौसाआत्या सकाळीच आल्या. भावाला बघून आधी त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग बाही चिमटीत धरून चोळली आणि माझ्याकडे वळल्या.

"वयनी, कापर पान्यान भिजवून कारलास कं?"

आता, मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला कांजी असते. ते आधी पाण्यातून काढून, आटू द्यायचं असतं आणि मगच कात्री लावायची असते. भिवंडीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण मी मूळची इथली नव्हे, आणि माझ्या वहीत ते नव्हतं!

"भिजवलं की मऊ पडतं, हौसाताई," मी शिकवण्याच्या सुरात म्हणाले. "कडकपणा हाच तर याचा गुण."

हौसाआत्यांनी भावाकडे पाहिलं. आजोबांना एकदम खोकला आला.

एसटीत आजोबांनी दोन माणसांची जागा घेतली. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता त्यांच्या पोटावर बोट दाबून पाहिलं.

"बाबा, आत काय? ट्यूबा हायेत कं?" (त्या भागात हातभट्टीची दारू ट्यूबांत भरून, अंगाला बांधून नेत असत.)

"कापूस आहे!" मी कडाडले.

"आजी, सगले असाच सांगतात," तो म्हणाला आणि पुढे गेला. उरलेला सारा प्रवास मागच्या बाकावरचे दोघे आजोबांकडे आशेने बघत होते.

अकलोलीला पोचलो. सोसेल असं एक कुंड निवडलं. मी पुढे, आजोबा मधे, हौसाआत्या मागे, अशी वरात पायऱ्या उतरली. आजोबा छातीभर पाण्यात बसले. हौसाआत्यांनी तांब्या भरून त्यांच्या डोक्यावर ओतला आणि आजोबांनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. मला वाटलं, जिंकले!

मग पाणी पांढरं होऊ लागलं.

सलीमभाईंच्या शिलाईतून, पंधरा मीटर कापडातून, सगळी कांजी पाण्यात उतरत होती. कुंडात जणू कुणी दुधाची बादली ओतली! एका बाईने हात जोडले. दुसरीने मुलाला बाहेर ओढलं. आणि आजोबा म्हणाले, "बाईसाहेब, गळ्यापाशी जरा..."

"जरा काय?"

"जरा... कमी श्वास येतोय."

कापड आटत होतं! बाहेरून कापड आवळतंय आणि आतून कापूस फुगतोय, आणि या दोघांच्या मधे तुमचे आजोबा. चार माणसांनी त्यांना धरून वर काढलं. (त्यांचं वजन तेव्हा एखाद्या ओल्या म्हशीएवढं भरलं असतं.) त्यांना दगडावर बसवायला गेलो तर ते बसलेच नाहीत, कारण अंगरखा कमरेत वाकेना. ते तसेच उभे, लालबुंद, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. मी नाड्यांकडे धावले. सातही गाठी भिजून सुपारीसारख्या झाल्या होत्या. माझी नखं वळली, पण गाठ हलेना.

"कापा, कापा!" कुणीतरी ओरडलं. आणि क्षणात मदत धावून आली! शहाळीवाला कोयता घेऊन आला. पेरूवाली सुरी घेऊन आली. एका गृहस्थाने खिशातून दाढीचं नवंकोरं ब्लेड काढलं. महिनोन् महिने मी ज्या ज्या वस्तू या माणसापासून लपवल्या होत्या, त्या सगळ्या एकदम त्याच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या!

"खबरदार!" मी आजोबांच्या पाठीशी हात पसरून उभी राहिले. "यांना जरा कापलं तरी रक्त थांबत नाही!"

"मावशी, न कापता तसाच मरंल म्हातारा!" शहाळीवाला म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. आजोबांचे ओठ बदलायला लागले होते. माझी ती वही, त्यातल्या लाल रेघा, कशाचाही उपयोग नव्हता. मी फक्त "अहो, अहो" करत होते.

"सरका रं सगली!" हौसाआत्यांनी कोयतेवाल्याला कोपराने बाजूला केलं. "मना दात हायेत ना!"

आणि त्यांनी भावाच्या मानेमागे तोंड घातलं.

मानेवरची पहिली नाडी तुटली तेव्हा आजोबांनी जो श्वास घेतला, तो अजून माझ्या कानात आहे. मी त्या दगडावरच मटकन बसले. दुसऱ्या गाठीपासून लोक मोजायला लागले. "दोन!... तीन!..." हौसाआत्या मधेच थुंकून म्हणत, "सलीम मेला सूत लय पक्का वापरतो," आणि पुन्हा भिडत. माझी कवळी असल्याने मला यात भाग घेता आला नाही.

चौथ्या गाठीला आजोबांना बोलण्याइतका दम आला.

"हौसा, सावकाश. कापड आटणार हे ठाऊक होतं मला, पण इतकं आवळेल असं नव्हतं वाटलं. कांजी जास्तच मारली होती यंदा."

"ठाऊक होतं?" मी उठून उभी राहिले. "सगळा जन्म मागावर गेला तुमचा! मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे वळायचा प्रयत्न केला. वळता आलं नाही, म्हणून समोरच्या झाडाकडे बघत ते म्हणाले, "तू माझा श्वास मोजत बसायचीस. शिवण सुरू झाल्यापासून झोपायला लागलीस. तीन आठवडे घरात तुझ्या घोरण्याचा आवाज होता गं. मी कशाला मोडता घालू?"

इतक्या वर्षांत मला वाटत आलं होतं की त्या घरात मी एकटीच दुसऱ्याला जपते आहे.

"सात!" लोक ओरडले. अंगरखा धप्पकन खाली पडला. मी चष्मा पुसून आजोबांची पाठ, मान, खांदे तपासले. नवा डाग एकही नव्हता. हौसाआत्यांचे दात कातडीला लागले नव्हते. त्या तोंडातलं सूत काढत होत्या आणि रडतही होत्या, आणि कुणी विचारलं तर कांजी डोळ्यात गेली म्हणून सांगत होत्या.

आजोबा नुसत्या पंच्यावर उभे होते. त्यांनी हात वर-खाली करून बघितले.

"आंघोळ राहिलीच की," ते म्हणाले.

"अजिबात नाही! घरी चला!"

"अकरा पायऱ्या आहेत, बाईसाहेब. पाच वर्षांचा असल्यापासून उतरतोय. त्या पलीकडच्या कुंडाचं पाणी अजून स्वच्छ आहे." त्यांनी माझी परवानगी मागितली नाही. पण माझ्याकडे बघत उभे मात्र राहिले.

मी वरूनच त्या अकरा पायऱ्या एकदा मोजल्या. मग म्हटलं, "जा."

ते निघाले. हळूहळू, कुणाचाही हात न धरता, एकेक पायरी. मी ठरवलं होतं वरच थांबायचं. पण पाचव्या पायरीला त्यांचा पाय जरासा थबकला आणि मी नऊवारीसारखा पदर खोचून (साडी पाचवारीच होती) त्यांच्या मागे निघाले, हात पसरून, पडले तर झेलायला. साठ किलोचा माणूस मी कसा झेलणार होते, हे विचारू नका. मी त्यांची पावलं बघत होते, माझी नाही. ते पाण्यात शिरले, बसले, आधीच खाली उतरलेल्या हौसाआत्यांचा दुसरा तांब्या डोक्यावर घेतला आणि मोठ्याने हसले.

आणि मी? मी सातव्या पायरीवर होते. मधेच. पायाखाली शेवाळ, धरायला काही नाही, आणि खाली पाहिलं तर डोळे फिरत होते. ना खाली उतरता येईना, ना वर चढता. मी बसून घेतलं आणि दोन्ही हातांनी दगड घट्ट धरला.

"आजी," शहाळीवाल्याने वरून विचारलं, "तुमाला जायचा कंचे बाजूला हाय?"

शेवटी आजोबाच आले. ओलेत्याने, सावकाश, चार पायऱ्या चढून. त्यांनी हात पुढे केला. त्या दिवशी अकलोलीच्या कुंडातून हात धरून वर आणावं लागलेलं माणूस एकच होतं, मुलांनो, आणि तिच्या रक्तात काडीचाही दोष नव्हता!