साचाखात्यातली बोली

आमच्या घरात दोन बोल्या चालायच्या. एक ऐकू येणारी, उज्जैनची, निम्मी मराठी आणि निम्मी हिंदी. दुसरी नुसती ओठांची. ही दुसरी बाबांनी मिलमधून घरी आणली होती. ते कापड मिलच्या साचाखात्यात, म्हणजे सगळे माग एकदम चालतात त्या खात्यात, जॉबर होते. बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. तिथे असा खडखडाट असे की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून सगळे आवाज न काढता ओठ ठळक हलवून बोलत, आणि मागांच्या कितीतरी ओळी पलीकडचा माणूस ते वाचून घेई. लग्नानंतर आई शिकली, आईचं बघून मी. पाहुण्यांसमोर आईबाबांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि पाहुणे बिचारे निवांत पोहे खात असायचे. मला त्याची फार गंमत वाटायची.

बाबांना मिलचा भारी तोरा. मामा नाशिकला बँकेत होता. तो आला की बाबा म्हणत, "तुम्ही देशाचा पैसा सांभाळा, आम्ही देशाची अब्रू झाकतो." शेखी होती, पण खोटी नव्हती. कापसाच्या गाड्या, रंगारी, हमाल, शिंपी, खानावळी, सगळे त्या मिलच्या भोंग्यावर जेवत होते. मिलचा पगार लांबला तर टावर चौकातला हलवाईसुद्धा दूध कमी आटवायचा. मग ते नवे दिवस आले. देशाचा बाजार खुला झाला म्हणून पेपर भरभरून लिहीत होते, आणि आमच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. माग जुने झाले होते, पॉवरलूमचं कापड स्वस्त पडत होतं, वगैरे कारणं मी पुढे ऐकली. त्या सकाळी एवढंच कळलं की बाबा डबा घेऊन गेले आणि भरल्या डब्यानिशी परत आले.

मग ते घरीच असायचे. उन्हाळ्यात मामा आला. टावर चौकातल्या एका कापड दुकानात त्याने बाबांसाठी शब्द टाकला होता. तो बाबांजवळ बराच वेळ बसला, मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "ताई, दाजींचा आवाज कधीपासून गेला?"

आई हसली. "काहीतरीच. आत्ताच तर म्हणून राहिले होते, चहात शक्कर कमी आहे."

"तू ऐकलंस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. मीही पाहिलंच होतं. बाबांचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आम्ही दोघी आठवायला लागलो. होळीला? संक्रांतीला? रोज त्यांच्याशी बोलत होतो, वाद घालत होतो, माझ्या मार्कांवरून त्यांनी मला चांगलं झापलंही होतं. आणि एवढे दिवस त्या घरात त्यांचा शब्द उमटला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही घरात हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं. आम्हाला ओठ वाचता येत होते, म्हणून कळलं नाही. मला त्या दुपारी आमच्याच घराची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही.

डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा साफ होता. दुकानाचं काम अर्थातच गेलं. गिऱ्हाइकाला ओठांनी साडी कशी विकणार? आई नवस बोलली, मी चिडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याचा त्यांच्यावर काय परिणाम होणार म्हणा. कामावरून आल्यावर ते दारातूनच मला "चिमणे" म्हणून हाक मारत. ती हाक एकदा ऐकू यावी, एवढंच मला हवं होतं.

खंडेनवमीला साचाखात्यात मागांची पूजा व्हायची. त्या वर्षी फाटकावरच्या चौकीदाराने दया म्हणून कामगारांना आत सोडलं. "जाओ, पर जल्दी आ जाना," तो म्हणाला. बाबांच्या हातात नारळ होता आणि मी हळदकुंकवाची ताटली घेऊन मागे.

आत माग तसेच उभे होते, अर्धवट विणलेलं कापड अंगावर घेऊन. कापडावर धूळ आणि कबुतरांची घाण. माणसं आपापल्या मागाशी जाऊन उभी राहिली, आणि बोलायला लागली. सगळ्यांचे ओठ हलत होते. कबुतरांच्या घुमण्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी वाचत गेले. एक जण तेलाच्या भावावर कुरकुरत होता. एकाला नात झाली होती. वीज नव्हती, माग बंद होते, तरी एकालाही आवाज काढायचं सुचलं नाही.

बाबा समोरच्या एका मागाकडे पाहून म्हणाले, "तुझी तार तुटली बघ." त्या मागाशी कोणीच नव्हतं. त्यावर काम करणारा त्यांचा सोबती पावसाळ्यातच वारला होता. बाबा त्याच्या तिरडीला खांदा देऊन आले होते. बोलून झाल्यावर बाबा जरा थांबले, पलीकडून उत्तर यावं तसे, आणि मग हसले.

मी जोरात ओरडले, "बाबा!" हाक पत्र्याला आपटून परत आली, कबुतरं उडाली. एकाही माणसाने मान वर केली नाही. त्या खात्यात हाक कधी कुणाला ऐकूच आली नव्हती. शेवटी मी बाबांच्या समोर गेले आणि ओठांनीच म्हणाले, "घरी चला." बाबा लगेच म्हणाले, "आलो."

पुढे मला बंगळुरूला नोकरी लागली. परदेशी जाणारे शर्ट शिवायचा कारखाना होता, मी शिवण तपासायचे. बाबांना आनंद झाला; कापडाचं काम घरातच राहिलं, असं ते म्हणाले. दर रविवारी मी उज्जैनला, आमच्या घराजवळच्या फ्रीगंजच्या एसटीडी बूथवर फोन लावायचे; आईबाबा तिथे येऊन थांबायचे. आई बोलायची, मग बाबांच्या कानाशी रिसीव्हर धरायची. मला नुसता श्वास ऐकू यायचा. "बोलून राहिलेत गं," आई सांगायची, आणि ते काय म्हणाले तेही सांगायची.

मग आई गेली. बाबा एकटेच बूथवर यायला लागले. मी बोलायचे, मग थांबायचे, त्यांचं बोलणं होऊ द्यायचे, आणि हसायचे. हळूहळू त्यांचं म्हणणं मला कळायला लागलं. कसं, ते विचारू नका.

एका रविवारी असंच बोलून, थांबून, हसून झालं, तेवढ्यात पलीकडून बूथवाल्याचा आवाज आला. "माफ करना बहनजी, ग्राहक आ गया था, तो रिसीवर उठाकर रख दिया था. बाबूजी तो आज आए ही नहीं."

बाबा पहाटेच गेले होते, हे शेजाऱ्यांनी नंतर कळवलं. तोवर मी त्यांना जेवलात का म्हणून विचारलं होतं, आणि ते हो म्हणाले होते.