हेलिकॉप्टरसाठी आणलेली फुलं

आमच्या गावाला सत्काराचा रोग आहे. कुणी दहावी पास झालं, सत्कार. कुणाची बैलं शर्यतीत आली, सत्कार. बँकेतला साहेब बदलून गेला तर जाणाऱ्याचा एक आणि येणाऱ्याचा एक. पूर्वी शाल आणि नारळावर भागायचं. आता जेसीबी लागतो. त्याच्या खोऱ्यात पोतंभर झेंडू भरायचा आणि ज्याचा सत्कार त्याच्या डोक्यावर ओतायचा. आमचे मालक फौजेतून रिटायर होऊन आले तेव्हा त्यांनाही स्टँडवरून उघड्या जीपमधून मिरवत आणलं आणि देवळापुढं फुलांखाली गाडलं. घरी आल्यावर त्यांच्या कॉलरमधून पाकळ्या काढताना मी हसत होते. "हसू नगं," ते म्हणाले, "मला वाटलं दरड आली." तेव्हा गंमत वाटली होती.

गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि खाली कोयनेच्या धरणाचं पाणी पार आतपर्यंत शिरलेलं. मी इथली नव्हे. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, आटपाडीकडं, तिथं सावलीला झाड शोधावं लागायचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा एवढं रान बघून भ्याले होते. तोंडाची मात्र कधी भीती बाळगली नाही. खरं ते तोंडावर बोलायचं, समोर कुणी का असेना. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या तोंडाला झाकान बसवायचं इसरला देव."

मालकांना बोलायची सवयच नव्हती. निम्मी नोकरी बर्फात गेली. तिथं एकदा पाय काळा पडला तेव्हा हेलिकॉप्टरनं त्यांना उचलून खाली आणलं. दोन बोटं गेली, पाय राहिला. रिटायर होऊन आल्यावर दिवसदिवस उंबऱ्यात बसून राहायचे. हाक मारली तर दचकायचे. मग एका मित्राच्या नादानं त्यांनी मधाच्या पेट्या आणल्या आणि माणूस हळूहळू माणसात आला. सकाळी उठून पेट्यांकडं, संध्याकाळी परत पेट्यांकडं. माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द आणि माश्यांशी चाळीस. "काय गं, आज लवकर उठलाय जनू," असं पेटीला कान लावून विचारायचे. मला राग येत नव्हता असं नाही. पण रात्री दचकून उठणं थांबलं होतं, ते त्या माश्यांमुळं. म्हणून मी गप्प बसायची.

जांभळीला फुलोरा आला की सगळ्या पेट्या सड्याच्या कडेला नेऊन ठेवायच्या. तिथं जुन्या जांभळी आहेत. आहेत कसल्या, होत्या.

त्या वर्षी शिमगा झाला आणि पल्याडच्या डोंगराला वणवा लागला. कुणी लावला? कुणीच नाही. गवत जाळलं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं असं मानणारी माणसं आमच्याकडं घरटी एक सापडतील, पण काडी ओढताना कधी कुणी कुणाला बघितलेलं नसतं. फॉरेस्टची माणसं आली, गावातले गडी गेले, ओल्या डहाळ्यांनी झोडपून झालं. वारा सुटला आणि आग ओढा ओलांडून आमच्या बाजूला आली. मालक संध्याकाळी काजळी माखून खाली आले.

"पेट्या आणायच्या का खाली?" मी विचारलं. पेटी हलवायची तर अंधार पडल्यावरच, माश्या सगळ्या आत आल्या की दार बंद करून. वेळ होती ती.

ते पायाच्या गेलेल्या बोटांच्या जागी अंगठा फिरवत बसले. विचार करताना त्यांची ती सवय. मग म्हणाले, "फुलोरा टिपंला हाय गं. एवढ्याशा अंतरानं जागा हलवली तर माश्या उद्या जुन्या जागंवरच जात्यात, तितंच घोटाळून मरत्यात. आन् सकाळी हेलिकॉप्टर येतंय. फॉरेस्टच्या साहेबासंगं बोलनं झालंय. धरनाचं पानी उचलून वर टाकनार."

"भरवशाचं हाय का?"

"हेलिकॉप्टर आलं म्हंजी काम झालं समज," ते म्हणाले. इतक्या खात्रीनं बोलताना मी त्यांना फार थोड्या वेळा बघितलं आहे.

ते झोपले न झोपले तोच आमचे चुलतदीर दारात. हे आमचे भावी सरपंच. भावी, असं मी नाही म्हणत, चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलेलं आहे, गॉगल घातलेल्या फोटोखाली.

"वहिनी, उद्या पयलं औक्षन तुमी करायचं. फौजीची बायकू म्हनून मान तुमचा."

"कुनाचं औक्षन?"

"हेलिकॉप्टरचं."

"आवं भावजी, ते खाली उतरनार हाय का?"

"न्हाई उतरलं तर न्हाई. ताट तर वर करून दावायचं. गावात पयल्यांदा येतंय. लोक काय म्हनतील, वाळकं पाठवलं?"

कपाळ माझं. डोंगर जळतोय आणि ह्यांना पाहुणचार सुचतोय. तसं बोलून दाखवलंच मी, पण ते हसले. "तुमचं आपलं काहीतरीच, वहिनी."

सकाळी मालक फॉरेस्टच्या माणसांबरोबर वर गेले, आगीच्या वाटेतलं गवत काढून पट्टा मारायला. इकडं शाळेपुढच्या मैदानात मंडप पडला. हलगी आली, जेसीबी आला, झेंडूची पोती आली. आणि तालुक्याच्या गावचा लग्नाचं शूटिंग करणारा गडी आला. पाचगणीच्या पठारावर नवरा-नवरीला पळायला लावायचं आणि वरनं त्यांचं शूटिंग घ्यायचं हा त्याचा धंदा. त्याच्याकडं ड्रोन. ड्रोनच्या पोटाखाली एक डबा, बटण दाबलं की उघडतो आणि खाली अक्षता पडाव्या तशा पाकळ्या पडतात. जेसीबीचा हात काही आभाळात पोचणार नव्हता. म्हणून हा. हेलिकॉप्टरवर फुलं उधळायची, वरून!

खरं सांगते, हेलिकॉप्टर आलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. खाली दोराला लोंबणारी मोठी बादली. ते पाण्यावर टेकलं, बादली बुडवली, आमच्या डोक्यावरून वर गेलं आणि सड्याच्या टोकाला पाणी सोडलं. काळा धूर पांढरा झाला. बायका ओरडल्या, हलगी वाजली. मीही ताट वर केलं. दुसरी खेप झाली. आणखी धूर पांढरा झाला. जांभळीच्या खालच्या अंगाला आग मेल्यासारखी दिसायला लागली. मला वाटलं, वाचलं. देवा, वाचलं.

तिसऱ्या खेपेला हेलिकॉप्टर पाण्याकडं वळलं आणि चुलतदीर ओरडले, "सोड रं!"

ड्रोन गरगरत वर गेला. आम्ही सगळे माना वर करून. हेलिकॉप्टर पाण्याकडून येत होतं, ते मधेच थांबल्यासारखं झालं. मग बाजूला झालं. लांबून एक फेरी मारली, दुसरी मारली. बादलीतलं पाणी तिथंच धरणात सोडून दिलं. आणि घाटाच्या पल्याड निघून गेलं.

"डिझेल भरायला गेलं आसंल," कुणीतरी म्हणालं. लोकांनी मान डोलावली. चहा आला. ड्रोन वरच होता. शूटिंगवाल्यानं म्हणे विचार केला, आणलाच आहे तर वणव्याचंही घेऊन टाकावं. त्यानं तो सड्याकडं पाठवला.

बऱ्याच वेळानं फॉरेस्टचा एक माणूस वरून धावत आला. पायात चप्पल नाही, आवाज बसलेला. "कुनाचं हाय ते? खाली घ्या! खाली घ्या ते!" तेव्हा कळलं. आभाळात असलं काही उडत असेल तर हेलिकॉप्टर खाली येऊ शकत नाही. पात्यात गेलं तर आतली माणसं संपली. वायरलेसवरून पायलट केव्हाचा सांगत होता, वरून फॉरेस्टवाले ओरडत होते आणि खाली हलगीच्या आवाजात ऐकतंय कोण. आता ड्रोन खाली घेतला, पण ते हेलिकॉप्टर दुसऱ्या डोंगराकडं वळवलेलं होतं. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी.

दुपारी वारा फिरला. जांभळीखाली मेल्यासारखी दिसणारी आग उठून उभी राहिली. मी अंगणात होते. धुराचा वास तर सकाळपासून होता, पण आता त्यात दुसरा वास आला. गोड. लाईट गेल्यावर लावलेली मेणबत्ती विझवली की येतो तसा, पण गाव भरून. शेजारीण म्हणाली, "कसला गं वास ह्यो?" मला माहीत होतं कसला. मी तिला सांगितलं नाही. सकाळचं औक्षणाचं ताट तुळशीपाशी तसंच पडलं होतं, ते उचलून मी उकिरड्यावर भिरकावलं.

मालक आले तेव्हा भुवया जळल्या होत्या, दोन्ही तळहातांना फोड. आग उठल्यावर पेट्यांपर्यंत त्यांना कुणी जाऊ दिलं नव्हतं, तिघांनी धरून ठेवलं होतं. मी हळद लावली. ते माझ्याकडं बघत होते की भिंतीकडं, कळत नव्हतं. हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं खरं. बघितलं आणि पाणी न टाकता गेलं. टाकणार कशावर?

मी सरळ चौकात गेले. चुलतदीर चार लोकांत बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या.

"भावजी, फुलं टाकून इजतोय व्हय वनवा?"

"वहिनी, हेतू चांगला हुता आमचा."

"मुडदा बशिवला तुमच्या हेतूचा!"

एक म्हातारा म्हणाला, एवढाल्या हेलिकॉप्टरनं एवढ्याशा ड्रोनला भ्यावं म्हणजे काय. दुसरा म्हणाला, फॉरेस्टवाल्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं. म्हणजे चूक पायलटची, नाहीतर फॉरेस्टची, वाऱ्याचीसुद्धा. फक्त ज्यानं "सोड रं" म्हटलं त्याची नव्हे. मी जेवढं बोलायचं तेवढं बोलले. ऐकून सगळे उठून गेले, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

पंधरवड्यात तो व्हिडिओ आला. शूटिंगवाल्यानं गाणं लावून टाकला आणि बघता बघता अख्ख्या जिल्ह्यात फिरला. आटपाडीहून भावाचा फोन आला, "आक्के, दाजी मोबाईलमधी दिसत्यात!" दिसत होतेच. सड्याच्या कडेला उभे राहून ते खांद्यावरचा टॉवेल काढून जिवाच्या आकांतानं हलवत होते. तोंड उघडं, मान वर. चालता हो, चालता हो, म्हणत होते ते त्या ड्रोनला. आणि खाली लिहिलं होतं, 'हेलिकॉप्टर बघून फौजी काकांचा आनंद गगनात मावेना.' लोकांनी खाली फुलांची चित्रं टाकली होती. "काका, एकच नंबर," असं लिहिलं होतं.

आणि मग, सांगायलाही लाज वाटते, सत्कार ठरला. वणव्याशी झुंज दिली म्हणून. मी म्हटलं, जायचं नाही. ते गेले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि चुलतभावाचा मान ठेवायचा म्हणे. शाल झाली, नारळ झाला. चुलतदिरांनी नव्या मधपेट्या भेट दिल्या, प्रत्येकीवर लाल अक्षरात 'भावी सरपंच यांच्या सौजन्याने'. आत माश्या नाहीत. माश्या सौजन्यानं मिळत नाहीत. पडद्यावर तो व्हिडिओ लावला, टाळ्या पडल्या. आणि मग तो आवाज आला, गूं करत. डोक्यावर ड्रोन, डबा उघडला, पाकळ्या पडल्या. मालक खुर्चीतून खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. लोक हसले. त्यांना वाटलं, काका गंमत करतात.

त्या पेट्या पडवीत पडून आहेत. मी त्यात कांदे भरले. मालक परत उंबऱ्यात बसायला लागले, आणि रात्री दचकतात.

तो व्हिडिओ मी मोबाईलमधून पुसणार होते. त्यांनीच पुसू दिला नाही. संध्याकाळी, पूर्वी पेट्यांकडं जायची वेळ झाली की म्हणतात, "लाव गं त्ये." मी गाण्याचा आवाज बंद करून लावते. टॉवेल हलवणारे ते दिसतात, त्यांच्या मागं फुललेल्या जांभळी, आणि जांभळीखाली ओळीनं पेट्या, अजून न जळलेल्या. आम्ही कधी त्या जागेचा फोटो काढला नव्हता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जागेचा कोण काढतं? एवढंच चित्र उरलं आहे, ते त्या ड्रोननं काढलेलं.

तिथं ते मला थांबवायला लावतात. मोबाईल नाकाशी नेतात.

"ती कडंची पेटी बघ. दारात माश्या हायत बघ. दिसत्यात न्हवं?"

त्या उंचीवरून पेटी काड्यापेटीएवढीसुद्धा दिसत नाही.

"व्हय," मी म्हणते, "दिसत्यात की. लय हायत."