गणपतीनं निवडलेलं सॉफ्टवेअर

वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे आमच्या घरी केळझरच्या गणपतीनं ठरवलं. निदान माझा थोरला भाऊ तसं मानत होता, आणि मी त्याला मानू देत होतो. आज सांगून मोकळा होतो.

दादाची कारंज्याला संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. कलमं खपतात ती पावसाळ्याच्या तोंडी. आषाढ सरला की वर्षभर जपलेल्या रोपाकडं कोणी ढुंकून पाहत नाही. यंदा नेहमीचे व्यापारी फिरकले नाहीत, म्हणून दादानं वेबसाइटचं मनावर घेतलं. मी राहतो सिंदी मेघेला, आणि वर्ध्यात एका कचेरीत कम्प्युटरसमोर बसतो, म्हणून काम माझ्याकडं आलं. (समोर बसून मी वीस वर्षं फक्त प्रिंट काढतोय, हे घरी कधी बोललो नव्हतो. मुळात मी बोलतोच कमी. त्यामुळं लोकांना हुशार वाटतो.)

तीन सॉफ्टवेअर पाहिली. पहिल्यानं डोमेन म्हणजे साइटचा पत्ता विचारला. मी 'वर्धा' लिहिलं. त्याला ते पटलं नाही. दुसऱ्यात इतकी बटणं होती की चुकून विमान उडालं असतं. तिसऱ्यात मात्र चित्र माऊसनं ओढून हवं तिथं ठेवता येत होतं. हे जमलं!

यातलं चांगलं कोणतं, असं दादानं विचारलं. मला एकच जमतं, हे सांगायला जीभ रेटेना. तिन्ही चांगली आहेत म्हणालो. आता आमच्या घरची रीत अशी, की सोयरीक असो वा विहीर, अडलं की केळझरला जाऊन देवापुढं चिठ्ठ्या टाकायच्या. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहिल्या. तिन्हींवर तिसऱ्याचंच नाव लिहिलं. दादानं डोळे मिटून एक उचलली, कपाळाला लावली. उरलेल्या दोन मी खिशात घातल्या आणि प्रसाद घेतला.

साइट झाली. कम्प्युटरवर सुरेख दिसत होती. पंधरा दिवस एकही फोन नाही. दादा रोज सकाळी वहिनींना स्वतःच्या मोबाइलवर फोन करायला लावायचा, वाजतो की नाही बघायला. वाजायचा.

शेवटी मी नर्सरीत गेलो असताना आर्वीकडचा एक शेतकरी विचारत विचारत गाडीवर आला आणि त्यानं आपला मोबाइल आमच्यापुढं धरला. त्यावर संत्र्याचा भलामोठा फोटो सरकून नेमका फोन नंबरावर बसला होता.

"नंबर संत्र्याखाली हाय वाट्टे," तो शांतपणे म्हणाला. "मले सोलता नाई आलं."

मी संत्रं वर ढकललं, ते दादाच्या फोटोवर, नेमकं तोंडावर बसलं. दादाला खाली घेतलं, तर पत्ता गेला! मोबाइल पाहून आपणहून मांडणी बदलणारं वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला हवं होतं. तसं मी सुचवलंही. देवानं दिलेला कौल मोडायचा नाही, थोडी वाट पाहू, असं म्हणून दादा कलमांना पाणी द्यायला गेला. आषाढ लागला होता. हजारो कलमं पिशव्यांत तशीच उभी होती.

त्या रांगांमध्येच मी त्याला गाठलं.

"दादा, तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं."

दादानं पाइप खाली ठेवला. "काऊन?"

"बाकीचे दोन मले येत नव्हते."

"अन् हे येत होतं?"

एवढं खरं बोललोच होतो, तर शेवटचं तरी कशाला ठेवायचं. "नाई," म्हटलं.

दादानं पाइप उचलून पुढच्या रांगेत सोडला. मग म्हणाला, "मले सांगतलं असतं तर मी काय मारलं असतं तुले?" आणि त्यानं काम वहिनींकडं दिलं.

वहिनींनी बचत गटाची साइट करणाऱ्या बाईला एकच प्रश्न विचारला, "तुमचीवाली मोबाइलवर कशी दिसते?" (महिनाभरात मला न सुचलेला.) दोन दिवसांत नवी साइट झाली. फोन यायला लागले. सगळी नाही, पण बरीचशी कलमं गेली.

शेवटची गाडी भरताना दादानं गिऱ्हाइकाशी माझी ओळख करून दिली.

"हा माहा लहान भाऊ. वर्ध्याले कम्प्युटरवर असते," तो कौतुकानं म्हणाला, आणि लगेच खाली वाकून हळूच, "पण त्याले काही इचारू नका."