काचेतले तपकिरी बूट

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत चपला-बुटांचं असं एकही दुकान नसेल, जिथल्या माणसाने माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या अक्कांना, येताना पाहून मनातल्या मनात हात जोडले नसतील. अक्का लातूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. पाऊल एवढं लहान की पाचवीतल्या पोरीची चप्पल त्यांना होते, आणि आवाज एवढा मोठा की मैदानापलीकडे गेटवर बसलेला शिपाई दचकून उभा राहतो. त्यांचे तळवे जन्मापासून सपाट. डॉक्टरांनी माप घेऊन चपला-बुटांच्या आत ठेवायचे खास सोल करून दिलेत. ते पायाखाली असले की अक्का दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहतात, नसले तर टाचेपासून कंबरेपर्यंत कळ जाते.

हे सोल त्या जिवापलीकडे जपतात. कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्याबाहेर पायातलं काढतात, त्यातून सोल काढतात, रुमालात बांधून पर्समध्ये घालतात आणि मगच आत येतात. "चपला चोरीला गेल्या तर दुसऱ्या मिळतील. हे नेले तर चोराच्या बी कामाचे न्हाईत आणि माझी बी पंचाईत." एकदा लोह्याला हळदीकुंकवाला गेलो होतो. वाण पर्समध्ये ठेवायचं म्हणून त्यांनी रुमाल काढून बाजूला ठेवला. घरच्या बाईंना वाटलं, अक्कांनी काहीतरी खाऊ आणलाय. त्यांनी हौसेने गाठ सोडली आणि बघतच राहिल्या. अक्का शांतपणे म्हणाल्या, "ते माझे पाय हायत. द्या इकडं."

दुकानात त्यांची रीत ठरलेली. आधी काउंटरवर रुमाल सोडायचा, दोन्ही सोल मांडायचे आणि म्हणायचं, "हे आत बसतील असा बूट दाखवा. माप दोन नंबर. फुलं नकोत, चमकी नको, चालताना पेटणारा लाईट नको." दुकानदार आधी माझ्या भल्यामोठ्या पावलांकडे बघतो, मग त्यांच्या, आणि हळूच लेकरांच्या रॅककडे बोट करतो. तेव्हाचं अक्कांचं वाक्य मला पाठ झालंय. "पाऊल लहान हाय, भाऊ. मी लहान न्हाई." मग त्या बूट चढवून दुकानाच्या पायऱ्या तीनदा चढतात-उतरतात, आणि शेवटी एका पायावर उभं राहून एकोणतीसाचा पाढा म्हणतात. पाढा संपेपर्यंत कळ आली नाही, तरच बूट पास. आजवर एकही पास झाला नव्हता. मापाचा बूट सोल घातला की घट्ट होतो, आणि एक नंबर मोठा घेतला की टाच निसटते. म्हणून वर्षानुवर्षं त्या दवाखान्यात मिळतात तसल्या जाड पट्ट्यांच्या चपलेवर शाळेत जायच्या. रोज कुणीतरी विचारायचंच, "बाई, पायाला लागलं का?"

यंदा अक्का मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्या दिवशी परिपाठाला सगळ्या शाळेपुढे उभं राहायचं होतं. त्याच्या आधी त्या नांदेडला आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "चल गं, दुकानं बघू. त्या दिवशी एका बी माणसानं माझ्या पायाची चौकशी करू नये, एवढंच पायजे मला." एरवी एवढ्या मोठ्याने बोलणाऱ्या अक्का हे अगदी हळू बोलल्या.

तिसऱ्या दुकानात काचेच्या कपाटात तपकिरी रंगाचे लेसचे बूट होते, बायकांचे, नाजूक. "नमुन्याचे हायत बाई," दुकानदार म्हणाला. "ह्या मापाचं गिऱ्हाईकच येत न्हाई, म्हणून काचेत ठेवलेत." अक्कांनी नुसता पाय घातला, बरोबर बसला. सोल ठेवून घातला, तर टाच वर येऊन बाहेर पडली. त्यांनी बूट काढला, पदराने पुसला आणि रुमालाची गाठ बांधायला घेतली. पाढा म्हटलाच नाही. ते मला बघवेना. मी चौथी शिकलेली, दुकानात कधी तोंड उघडत नाही. पण लोकांचे जुने ब्लाऊज उसवून अस्तर बदलण्यात माझा जन्म गेलाय. मी बुटात बोट घालून बघितलं, तर आतल्या गादीची कड एका जागी सुटलेली. मी म्हटलं, "ही काढली तर?"

"चिकटवलेली हाय," दुकानदार म्हणाला. "काढली की बूट तुमचे. मग पाय बसो, न बसो, मी परत घेणार न्हाई."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?" असं त्यांनी मला याआधी कधी विचारलं नव्हतं.

"निघंल, अक्का."

"काढ मग."

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि टाके उसवावेत तशा दोन्ही गाद्या सावकाश सोडवल्या. त्या जागी अक्कांचा सोल असा बसला, जसा तिथलाच. अक्का एका पायावर उभ्या राहिल्या. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झालं. मग दुसऱ्या पायावर पुन्हा पहिल्यापासून.

परिपाठाला मी लातूरला गेले आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिले. अक्का शेवटपर्यंत ताठ उभ्या होत्या. एवढ्या पोरी, एवढे मास्तर, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कुणीही काही विचारलं नाही. परत येताना रिक्षात अक्कांनी पाय पुढे करून बुटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एकीनं बी बुटांकडं बघितलं न्हाई गं."

"मी बघत होते," मी म्हटलं.

"कवा?"

"सगळा वेळ."

आता अक्का नांदेडला आल्या की दारात जरा जास्तच थांबतात. बूट लगेच काढत नाहीत. मी हातातलं शिवण ठेवून बाहेर येते, डोळे भरून बघून घेते. मग त्या खाली वाकतात, सोल काढून रुमालात बांधतात आणि आत येतात.