उकळीमावशीचं कुरण

तिला सगळे उकळीमावशी म्हणत. दुधाच्या कासंड्या, गाळणी, हात धुवायचं पाणी, सगळं तिच्या चुलीवरून उकळूनच उतरायचं. तीस वर्षांत संकलन केंद्रानं तिचं दूध एकदाही नासकं म्हणून परत पाठवलं नव्हतं, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. नवरा म्हणायचा, "मी आंघोळ करून येतो म्हणून बरं, नाहीतर मलाही उकळलं असतंस!"

यंदा मात्र कुरणानं दगा दिला. चरून चरून माती निकस झाली होती. नवऱ्यानं ठरवून टाकलं: हंगामाअखेर चारा उभा राहिला नाही तर चारही गाई तिच्या भावाकडे धाडायच्या. चार नवी दावी आणून त्यानं खुंटीला अडकवलीही. मावशी त्या खुंटीकडे बघायचंच टाळायची.

केंद्रावर माती तपासायला येणाऱ्या तरुण बाईनं, म्हणजे मातीवालीनं, तिला शेंगवर्गीय चाऱ्याचं बी आणि काळ्या भुकटीची पुडी दिली. "यात जिवाणू आहेत, मावशी. साखरेच्या पाण्यात कालवून बियांना चोळा. मुळांवर गाठी धरतात आणि हवेतलं खत मातीत आणतात. गाठ आतून गुलाबी दिसली की समजा, जिवंत आहेत."

"जिवाणू म्हणजे जंतूच ना?" मावशीनं नाक मुरडलं. पण गाईंसाठी तिनं तेही केलं.

पाच आठवड्यांनी रोपं पिवळी पडली. मुळांवर गाठ म्हणून नाही. मावशीनं केंद्रावर चारचौघांत मातीवालीला फैलावर घेतलं. "कोळसा कुटून देतेस होय गं?" पोरगी गोरीमोरी होऊन निघून गेली.

त्याच संध्याकाळी मावशी दही लावत होती. सवयीनं तिनं दुधात बोट बुडवलं. चटका बसला, म्हणून विरजणाचा चमचा मागे घेतला आणि हात तसाच थांबला. उकळत्या दुधात विरजण घातलं तर ते मरतं, हे तिला परकराच्या वयापासून ठाऊक होतं. आणि साखरेचं पाणी? खळखळ उकळून, उतरवल्याबरोबर तिनं त्यात पुडी ओतली होती. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

सकाळी ती केंद्रावर गेली आणि त्याच चारचौघांसमोर मातीवालीला म्हणाली, "चूक माझी होती, पोरी. मीच मारले ते बिचारे. तुला नाही नाही ते बोलले." मातीवालीनं पिशवीतून दुसरी पुडी काढली. बी अर्ध्या कुरणापुरतंच उरलं होतं.

या खेपेला मावशीनं पाण्यात तीनदा बोट बुडवून पाहिलं.

दीड महिन्यानं ते अर्धं कुरण गर्द हिरवं झालं. पलीकडचं अर्धं अजून पिवळंच होतं. मावशीनं नवऱ्यासमोर एक रोप उपटलं, मुळं धुतली, गाठ नखानं फोडली. आत लख्ख गुलाबी. तिला रडूच फुटलं.

नवऱ्यानं ती गाठ हातात घेऊन निरखली. मग गोठ्यात जाऊन त्यानं धूळ खाणारी चारही दावी खुंटीवरून उतरवली.

"ही इथेच गाईंना बांधू आता. तुझ्या भावाला कळव, गाईंची वाट बघू नकोस म्हणून. पण दावी मळलीत. उकळायची का?"

मावशीनं पदरानं डोळे पुसले.

"नको," ती म्हणाली. "कोमट पाणी पुरे."